देवी आल्या, देवी काढल्या : आजीच्या चेहऱ्यावरचा इतिहास

(पोस्ट लांबली आहे. सवडीने वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.)

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला फोन आला. गावाकडचे लांबचे नातेवाईक. त्यांची मुलगी बारावीला आहे. दोन महिने झाले, नीट झोपत नाही, जेवत नाही, मधूनच किंचाळते आणि तिन्हीसांजेला वेगळ्याच आवाजात बोलते. ते म्हणाले, "दादा, तुम्ही जुन्या गोष्टी वाचता, लिहिता. कुठल्या ठाण्यावर न्यावं तेवढं सांगा. कुणी म्हणतं अमावस्येला न्या, कुणी म्हणतं घरातल्याच बाईनं काहीतरी केलंय."

"सकाळी सांगतो," म्हणून मी फोन ठेवला. तोंडावर आलं होतं की, "कसलं ठाणं घेऊन बसलात, डॉक्टरकडे न्या." पण असं फटकन बोललेलं माणूस ऐकत नाही, हे इतक्या वर्षांत कळलंय. रात्री झोप लागेना. आणि राहून राहून आजीचा चेहरा आठवत राहिला.

माझ्या आजीच्या तोंडावर देवीचे वण होते. सगळा चेहरा खड्ड्याखड्ड्यांचा. लहानपणी मी तिच्या गालावरून बोट फिरवायचो आणि विचारायचो, हे काय गं? ती म्हणायची, "देवी आल्या होत्या घरात. राहून गेल्या." पाहुणे येऊन गेल्यासारखं सांगायची.

ती सात वर्षांची होती आणि तिचा भाऊ चार वर्षांचा. दोघांना एकदमच देवी आल्या. घरात काय काय पाळलं ते आजी बारकाईने सांगायची. दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधला. फोडणी बंद. मोठ्याने बोलायचं नाही. पुरुषांनी दाढी करायची नाही, बायकांनी डोक्याला तेल लावायचं नाही. बाहेरच्याने आत यायचं नाही. पोरांना दहीभात, ताक, थंड काहीतरी. पोरांच्या अंथरुणाजवळ आई हात जोडून बसायची, कारण त्या वेळी ती पोरं तिची नव्हतीच. देवी त्यांच्या अंगात मुक्कामाला होती. ज्या अंगातून पू वाहतोय, वास येतोय, त्या अंगाला घर नमस्कार करत होतं.

आता तुम्ही म्हणाल, ही अंधश्रद्धा. थांबा, जरा विचार करा. लस न घेतलेल्या माणसांत देवीचा मोठा रोग दहातली तीन माणसं घेऊन जायचा. औषध नव्हतंच. त्या रोगाचं हमखास औषध म्हणून डॉक्टरांकडेही फारसं काही नव्हतं, होती ती लस. अशा वेळी एका चार खणांच्या घरात माणसांनी काय करावं? त्या गोष्टीने त्यांना करायला काहीतरी दिलं. आजाऱ्याला किळस न करता जवळ घेतलं गेलं. बाहेरच्यांची वर्दळ थांबली. घर शांत राहिलं. कडुनिंबाने रोग मरत नव्हता, पण आजारी पोराला कुणी टाकून दिलं नाही. आजी शेवटपर्यंत स्वतःला कुरूप म्हणाली नाही. देवी राहून गेली, खूण ठेवून गेली, एवढंच.

पण या गोष्टीची दुसरी बाजूही आजीनेच सांगितलेली आहे, आणि ती सांगताना तिचा आवाज बदलायचा. भाऊ गेला. मग शेजारपाजारच्या बायका म्हणाल्या, काहीतरी चुकलं असणार. घरात कुणीतरी फोडणी दिली असेल, विटाळ झाला असेल. माझ्या पणजीने म्हणे त्या दिवसांत एकदा सासऱ्यासाठी चोरून लसणाची फोडणी दिली होती. ती बाई पुढे चाळीस वर्षं जगली आणि ते सगळं आयुष्य 'मीच पोराला मारलं' हे मनात धरून जगली. लसूण तिने पुन्हा कधी खाल्ला नाही.

एकच देवी, एकच घर. मुलीला त्या गोष्टीने सावरलं आणि आईला त्याच गोष्टीने आयुष्यभर जाळलं. मला वाटतं, पुराणकथा, अध्यात्म आणि मनाचं शास्त्र याबद्दल जे काही बोलायचं ते इथून सुरू केलं पाहिजे.

आता थोडा इतिहास. तो आपल्या मुंबईतलाच आहे.

१७९६ मध्ये इंग्लंडात एडवर्ड जेन्नरने गायीच्या देवीची लस टोचून दाखवली. ती हिंदुस्थानात आणायची कशी, हा प्रश्न होता. बाटलीत घालून पाठवलेली लस उन्हाने वाटेतच निकामी व्हायची. शेवटी माणसांच्या दंडावरूनच ती प्रवास करत आली. एकाला टोचायची, आठवडाभराने त्याच्या फोडातला द्रव दुसऱ्याला टोचायचा, असं करत बगदाद आणि बसऱ्यामार्गे ती मुंबईला पोचली. १४ जून १८०२ या दिवशी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचलेली लस धरली. हिंदुस्थानातली ती पहिली यशस्वी लस. तिच्या दंडावरून मुंबईतल्या आणखी काही मुलांना आणि तिथून पुढे देशभर ती गेली. कोट्यवधी माणसं ज्या साखळीने वाचली तिची इथली पहिली कडी म्हणजे मुंबईतली ही एक तान्हुली.

लोकांनी ती आनंदाने घेतली का? मुळीच नाही. आणि त्यांना नुसतं अडाणी म्हणून चालणार नाही. एका पोराच्या फोडातला द्रव दुसऱ्याच्या अंगात घालायचा, म्हणजे जातीचा प्रश्न आला. टोचलेल्या पोराला पुढच्या गावी घेऊन जायचं, म्हणजे आईच्या जिवाला घोर. एका पोराचा दुसरा आजार तिसऱ्याला लागायची भीती होतीच, आणि ती खोटी नव्हती. वर हे करणारं सरकार परकं. १८७७ मध्ये मुंबई शहरात सक्तीचा कायदा आला तरी लोक पोरं लपवायचे.

तरीही लस हळूहळू रुजली. आणि रुजताना आपल्या भाषेत एक गंमत झाली. रोगाचं नाव देवी. देवाचं नाव देवी. आणि लस टोचण्याला आपण काय म्हणायला लागलो? 'देवी काढणे'. माझ्या आईच्या दंडावर दोन गोल वण आहेत, त्यांनाही ती देवीच म्हणते. लोकांनी देवीला हाकलून डॉक्टरला घरात घेतलं नाही. डॉक्टर जे करतो त्यालाच देवीचं नाव दिलं. मोठी देवी येऊन घर उद्ध्वस्त करण्यापेक्षा लहानशी देवी दंडावर काढून घ्यायची, असा अर्थ त्यांनी आपल्या मनाशी लावला असावा असं मला वाटतं. मूळ गोष्ट मोडली नाही, तिच्यात औषधाला जागा झाली.

उलटं झालं की काय होतं तेही आपण पाहिलंय. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात. सरकारने गोरे सोजीर घराघरात घुसवले. देवघरापर्यंत बूट गेले, बायकांची तपासणी झाली, आजाऱ्यांना ओढून छावणीत नेलं. रोग्याला वेगळं ठेवणं शास्त्राला धरून होतं. पण लोकांनी आजारी लपवले, मेलेले लपवले. २२ जून १८९७ ला रँडवर गोळी झाडली गेली, तो इतिहास सगळ्यांना माहीत आहे. त्याच प्लेगात, त्याच पुण्याजवळ, सावित्रीबाई फुले आजाऱ्यांची सेवा करत होत्या. डॉक्टर असलेल्या यशवंतने दवाखाना उघडला होता. रोग्यांना तिथे आणताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. दोन्हीकडे शास्त्र तेच होतं. एकीकडे हात पकडून ओढणारा होता, दुसरीकडे उचलून घेणारा.

हे झालं शरीराच्या रोगाचं. मनाच्या दुखण्याचं काय?

साधारण त्याच काळात युरोपात फ्रॉइड नावाचा डॉक्टर अशा बायकांवर उपचार करत होता, ज्यांचे हात लुळे पडत, वाचा जाई, झटके येत आणि तपासणीत काहीच सापडत नसे. तो त्यांचं ऐकत बसला. जे बोलता येत नाही ते अंगावाटे बोलतं, असं त्याच्या लक्षात आलं. आणि मनाच्या तळाचा एक महत्त्वाचा नियम सांगताना त्याला नाव सुचलं तेही ग्रीक पुराणातल्या ईडिपस राजाचं.

त्याचा एके काळचा सहकारी कार्ल युंग आणखी पुढे गेला. त्याचं म्हणणं साधारण असं की, माणसाने देवांना आकाशातून काढलं तरी ते गेले नाहीत. ते आता रोगाची लक्षणं होऊन डॉक्टरांच्या खोलीत येतात. हे वाचलं तेव्हा मला आजीच आठवली. युंगला जे मोठ्या अभ्यासाने सापडलं ते आमच्या घरात रोजच्या बोलण्यात होतं. आपल्याकडे रोगाचं नावच देवी!

युंग १९३७ च्या अखेरीस हिंदुस्थानात आला होता, कलकत्त्याच्या सायन्स काँग्रेसच्या रौप्यमहोत्सवासाठी. देवळं पाहिली, पंडितांना भेटला, विद्यापीठांनी पदव्या दिल्या. आणि कलकत्त्यात त्याला हगवण लागली. दहाएक दिवस तो इस्पितळात पडून होता. देवांचा एवढा मोठा अभ्यासक, पण पोट बिघडल्यावर गेला तो इस्पितळातच. त्यात त्याला विसंगती वाटली नाही, आणि ती नाहीच.

त्याच कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस होते. पेशाने डॉक्टर. १९२२ मध्ये त्यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली, फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता, आणि 'तुमचं सगळं म्हणणं आमच्या माणसांना लागू पडत नाही' हे त्याला कळवायलाही ते कचरले नाहीत. याच माणसाने बंगालीत पुराणांवर पुस्तक लिहिलं, गीतेवर लिहिलं. आणि याच माणसाने १९३३ मध्ये कलकत्त्यातल्या एका साध्या सार्वजनिक रुग्णालयात मानसिक आजारांचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. म्हणजे खोकल्याचा आणि मनाचा रुग्ण एकाच दारातून आत जायला लागला. आपल्याकडे 'ठाण्याला पाठवा', 'येरवड्याला न्या' ही वाक्यं चेष्टेत आजही बोलली जातात, ती ऐकली की बोसांनी केलेलं ते काम किती मोठं होतं ते कळतं.

पुढे सुधीर कक्कर यांनी १९८२ च्या त्यांच्या पुस्तकात राजस्थानातल्या मेहंदीपूर बालाजीला येणाऱ्या पीडितांविषयी लिहिलं. हे कक्कर नंतर गोव्यात स्थायिक झाले, २०२४ मध्ये वारले. ते स्वतः मनोविश्लेषक, भुताखेतांवर विश्वास नसलेले. पण त्यांनी हेटाळणी केली नाही. त्यांनी पाहिलं की तिथे आजारी माणूस एकटा नसतो, सगळं घर बरोबर मुक्कामाला असतं. जो राग, जी इच्छा सुनेच्या तोंडून निघूच शकत नाही, ती भुताच्या तोंडून निघते आणि घराला ऐकावी लागते.

हे मी नुसतं पुस्तकात वाचलेलं नाही. माझ्या एका मावशीच्या अंगात यायचं. पहिलं मूल गेल्यावर सुरू झालं. दर मंगळवारी. तिला एका ठिकाणी नेलं, ते ठिकाण मी सांगणार नाही. तिथल्या माणसाने सांगितलं, धाकट्या जावेने करणी केली. झालं! दोन सख्खे भाऊ वेगळे झाले, बांधावरून बोलणं बंद झालं. मावशीला खोलीत कोंडलं, एकदा खांबाला बांधलं. दोन वर्षं असं चाललं. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून जिल्ह्याच्या ठिकाणी एका डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी 'हे सगळं थोतांड आहे' असं म्हटलं नाही. विचारलं, "आई येतात तेव्हा काय बोलतात हो?" मावशी पहिल्यांदा रडली. आई यायची आणि म्हणायची, 'माझ्या लेकराला कुणी मांडीवर घेऊ दिलं नाही.' मूल गेलं तेव्हा तिला शेवटचं बघूही दिलं नव्हतं. बाळंतीण आहे, ओली आहे, म्हणून. गोळ्या दिल्या, झोप आली, आणि दर पंधरवड्याला ते डॉक्टर तिच्याशी बोलत राहिले. वर्षभराने मंगळवार थांबले. ती देवळात मात्र शेवटपर्यंत जात होती, आणि डॉक्टरांनी त्याला कधी ना म्हटलं नाही. जावेशी बोलणं सुरू व्हायला मात्र सोळा वर्षं लागली.

म्हणजे गोष्टीत ताकद आहे हे खरं. म्हणूनच ती कुणाच्या हातात आहे हे पाहायला हवं. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका खाजगी झोपडीवजा 'घराला' आग लागली. आत मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. २८ जण जळून मेले, पळता आलं नाही म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. आणि लगेच पुढच्या वर्षी, २००२ मध्ये, त्याच तमिळनाडूतल्या एका लहान मंदिराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे मनोरुग्ण नातेवाइकांसह येऊन राहायचे. मारहाण नाही, साखळी नाही, अघोरी विधी नाहीत. हलकी कामं आणि मोकळीक. सरासरी सहाएक आठवडे राहिलेल्या ३१ जणांची लक्षणं सुमारे २० टक्क्यांनी कमी झालेली मानसोपचारतज्ज्ञांना दिसली. अभ्यास लहान होता, तुलनेला दुसरा गट नव्हता, तेव्हा त्यावरून 'देवळात नेलं की बरं होतं' असं कुणी म्हणू नये. पण माणसाला माणसासारखं ठेवलं की फरक पडतो, एवढं त्यातून नक्की दिसतं.

शास्त्राची बाजूही धुतल्या तांदळासारखी नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. विसाव्या शतकाच्या मध्याला याच मनोविश्लेषणवाल्या काही डॉक्टरांनी ठरवलं की मूल स्वमग्न झालं तर आई थंड, मायाहीन असणार. पोराला स्किझोफ्रेनिया झाला तर आईनेच तो घडवला. पुढे हे सगळं चुकीचं ठरलं. पण तोवर अमेरिकेतल्या किती आयांनी ते ओझं वाहिलं असेल? माझ्या पणजीच्या लसणाच्या फोडणीत आणि या सिद्धांतात मला तरी फरक दिसत नाही. एकीकडे शेजारणी बोलल्या, दुसरीकडे प्रोफेसर बोलले. दोष शेवटी बाईच्याच पदरात.

म्हणून दुखण्याबद्दलची कुठलीही गोष्ट, पुराणातली असो, बाबाची असो की पुस्तकातली, मी दोन प्रश्नांवर तपासतो. ती औषधाची वाट अडवते का? आणि ती दोष कुणाच्या माथी मारते? औषधाला जागा देणारी आणि आजाऱ्याला जवळ घेणारी गोष्ट असेल तर ती मोडायची घाई मी करणार नाही. गोळी बंद करा म्हणणारी, सुनेला, जावेला, आईला गुन्हेगार ठरवणारी, मारायला बांधायला सांगणारी गोष्ट असेल, तर तिथे देव असो नसो, तिथून उठायचं.

कायदाही आता आपल्या बाजूने आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला, त्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, बांधणं, चटके देणं आणि डॉक्टरकडे जाण्यापासून अडवणं हा त्यात गुन्हा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे, मग ते देऊळ असो वा इस्पितळ. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात तर 'दवा आणि दुआ' म्हणून उपक्रम सुरू झाला. मुजावर दुआ करतात आणि तिथेच डॉक्टरकडेही पाठवतात. आपल्या तालुक्यातल्या यात्रांत पाण्याचे टँकर असतात, पोलिसांचा मंडप असतो. एक मानसोपचाराचा टेबल का नसावा? ग्रामसभेत हा विषय मांडा. देवस्थानाच्या पंचांशी भांडून नाही, त्यांना बरोबर घेऊन.

सकाळी मी त्या नातेवाइकांना फोन केला. म्हटलं, देवाला जरूर जा, आपल्या कुलदैवताला, सगळे मिळून. नारळ वाढवा. पण कुणी जावेचं, भावकीचं नाव घेतलं तर तिथून उठा. आणि त्याआधी, आजच, पोरीला सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्या. जायला वेळ लागणार असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर लावा, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि पोरगी संध्याकाळी जे बोलते ना, ते 'गप्प बस' न म्हणता ऐका. बारावीचं वर्ष आहे. तिच्या तोंडून तिला जे सांगता येत नाही, ते त्यात असेल.

ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे डॉक्टरकडे नेलं तर देवी कोपणार नाही ना?"

मी त्यांना आजीचं सांगितलं. ज्या देवीने तिचा भाऊ नेला, तिच्याच नावाची लस तिने पुढे आपल्या पाचही पोरांना टोचून घेतली. गावात डॉक्टर आला की पहिली रांगेत ती असायची. १९७५ मध्ये देशातला शेवटचा रुग्ण बरा झाला, १९८० मध्ये जगातूनच रोग गेल्याचं जाहीर झालं. रोग गेला, पण माहीमचं शीतलादेवीचं देऊळ आहे तिथेच आहे. शिळासप्तमीला आमच्या घरी अजून चूल पेटत नाही. देवी काही कोपली नाही.

परवा त्यांचा मेसेज आला. मुलीला दाखवलं. पुढच्या बुधवारी परत बोलावलंय.

तुमच्या घरातही अशी एखादी आजी, मावशी असेल. तिला काय झालं होतं असं घरात सांगितलं गेलं, आणि दोष कुणाला दिला गेला, ते एकदा मोठ्या माणसांना विचारा. जमलं तर लिहा.